जेता, जित आणि राखीचा धागा

इतिहासांतील कांहीं पुरुष असे असतात कीं, त्यांच्याविषयीं लिहावयास बसलेला लेखक नकळत स्वतःविषयींच लिहूं लागतो. मॅसिडोनियाचा राजा सिकंदर हा अशा पुरुषांत अग्रगण्य होय. इ. स. पूर्व ३५६ मध्यें तो जन्मला, ३३६ मध्यें गादीवर बसला आणि ३२३ च्या जून महिन्यांत बाबिलोन येथें, वयाचीं तेहतीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, मरण पावला. एवढ्या अल्प काळांत तो ग्रीसपासून बियास नदीपर्यंत चालत आला. आणि पुढें तेवीस शतकें तो कवींच्या, कादंबरीकारांच्या व अलीकडे चित्रपटकारांच्या कल्पनेंतून चालतोच आहे. त्याच्या चरित्राचीं जीं सलग साधनें आज उपलब्ध आहेत, तीं सारीं त्याच्या मृत्यूनंतर फार काळानें लिहिलेलीं आहेत. त्यांत सर्वांत विश्वसनीय मानला जाणारा आरियन हा इ. स. च्या दुसऱ्या शतकांतला. आमच्या बाजूनें पाहावें तर पाटी कोरी! ज्या भूमींत त्यानें दोन वर्षांवर काळ लढाया केल्या, त्या भूमीच्या प्राचीन वाङ्मयांत त्या स्वारीचा उल्लेखही नाहीं. अशोकाच्या शिलालेखांत जो 'अलिकसुदर' आढळतो, तो पुढील शतकांतला, त्याच नांवाचा दुसराच एक ग्रीक राजा.

कोरी पाटी दिसली कीं तिच्यावर लिहिण्याचा मोह मनुष्यास होतोच, आणि तो गैर आहे असें कोण म्हणेल? ललित लेखकानें इतिहासाची नक्कल करावी अशी अपेक्षा आम्ही करीत नाहीं. परंतु या लेखांत आम्हांस जो प्रश्न विचारावयाचा आहे तो निराळा आहे. जेत्याचें चित्र रंगवितांना जिताचें काय होतें? लढाई दाखविली जाते ती कोणाच्या डोळ्यांनीं? आणि पराभव झाला, हें सत्य लेखकाला सोसतें काय?

प्रथम जुन्या कथांकडे पाहूं. सिकंदराच्या शत्रूंनीं त्याचा सूड कसा घेतला, हें मोठें मनोरंजक आहे. इजिप्त देश त्यानें घेतला. पुढें त्याच देशांत, कॅलिस्थेनिसच्या नांवावर खपणारी परंतु त्याची नसलेली, एक अद्भुत कथा तयार झाली. तिच्यांत इजिप्तचा शेवटचा स्वदेशी राजा नेक्टनेबो हा मांत्रिकाच्या वेषानें मॅसिडोनियास जातो, राणी ऑलिंपियास हिला देवाच्या रूपानें भेटतो, आणि सिकंदर हा त्याचाच पुत्र ठरतो! म्हणजे इजिप्त जिंकलें तें परक्यानें नव्हे, घरच्याच मुलानें. इराणची हकीकत याहून नवलाची. पहलवी धर्मग्रंथांत सिकंदर हा शापित, धर्मग्रंथ जाळणारा असा आहे. परंतु फिरदौसीनें इ. स. १०१० च्या सुमारास पुरें केलेल्या 'शाहनाम्यां'त तोच सिकंदर इराणच्या राजाला रूमच्या राजकन्येपासून झालेला मुलगा, म्हणून दारा राजाचा सावत्र भाऊ आहे. घायाळ दारा त्याच्याच मांडीवर प्राण सोडतो आणि आपली कन्या त्याच्या हवालीं करतो. पराजयाचा डाग धुवून काढण्याची ही युक्ति किती सरळ आहे! जेत्याला हाकलून देतां येत नाहीं, तर त्याला नात्यांत ओढावें. नातें जोडण्याची ही कला खुद्द जेत्यालाही अवगत होती. त्यानें दाराच्या मातेला आपली माता म्हटलें, आणि इ. स. पूर्व ३२४ मध्यें सूसा येथें दाराच्या मुलीशीं लग्नही लावलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९४१ सालीं मिनर्व्हा मूव्हीटोनचा 'सिकंदर' हा बोलपट निघाला. दिग्दर्शक सोहराब मोदी, लेखक पंडित सुदर्शन, सिकंदराच्या भूमिकेंत पृथ्वीराज कपूर, पोरसाच्या भूमिकेंत स्वतः मोदी आणि रुखसानेच्या भूमिकेंत वनमाला. याच वनमालाबाई पुढें १९५३ मध्यें 'श्यामच्या आई'ची भूमिका करून मराठी प्रेक्षकांच्या घरच्याच झाल्या. या बोलपटाची सारी गुंफण एका धाग्यावर आहे, आणि तो धागा राखीचा. सिकंदरावर प्रेम करणारी रुखसाना हिंदुस्थानांत येते, पोरसाला राखी बांधते आणि सिकंदराच्या प्राणांचें अभय मिळविते. पुढें रणांत संधि सांपडूनही पोरस आपल्या 'बहिणी'चें कुंकू राखतो. आरियन, प्लूटार्क, डायोडोरस, कर्शियस यांपैकीं कोणाच्याही ग्रंथांत या राखीचा मागमूस नाहीं. ती आपली आहे, सर्वस्वीं आपली. इजिप्तनें सिकंदराला मुलगा केलें, इराणनें भाऊ केलें, हिंदुस्थाननें मेहुणा केलें. एवढाच काय तो फरक!

यावरून या बोलपटाची थट्टा करावी असा आमचा हेतु नाहीं. १९४१ सालीं, परसत्तेच्या अमलाखालीं आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, परक्या जेत्यापुढें मान ताठ ठेवून बोलणारा एक हिंदी राजा पडद्यावर उभा करणें ही लहान गोष्ट नव्हती. कांहीं छावण्यांच्या थिएटरांतून हा बोलपट दाखविण्यास मनाई झाली, ती सरकारला त्यांतलें मर्म समजलें म्हणूनच. मोदींचें वक्तृत्व पारशी रंगभूमीचें आहे; प्रत्येक वाक्य प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचलें पाहिजे अशा बेतानें तें फेकलेलें असतें. परंतु त्या दरबारी सवालजबाबांत जें तेज आहे तें कृत्रिम नाहीं. ज्या समाजाच्या जुन्या ग्रंथांनीं सिकंदराला शाप दिला, त्याच समाजांतला एक कलावंत सिकंदराचा भव्य बोलपट काढतो आणि स्वतः मात्र त्याच्यापुढें उभ्या राहणाऱ्या पोरसाची भूमिका घेतो, यांतही एक मूक अर्थ आहे. पुढें १९६५ मध्यें 'सिकंदर-ए-आझम' निघाला. त्यांत सिकंदर झाले दारासिंग, आणि पोरस झाले पृथ्वीराज कपूर. जो नट परकीय अमदानींत जेता म्हणून गाजला, तोच स्वतंत्र देशांत जित राजा म्हणून उभा राहिला. तथापि चित्रपट म्हणून हा दुसरा प्रयत्न पहिल्याच्या जवळपासही जात नाहीं. स्वातंत्र्यांत ताठ मानेनें बोलण्यास किंमत द्यावी लागत नाहीं, म्हणूनच कदाचित् त्या बोलण्यांत पूर्वीचा ताण उरला नसावा.

आमचा आक्षेप राखीवर आहे तो एवढाच कीं, तिनें पराभवाला उपकाराचें रूप दिलें. पोरस हरला असें न म्हणतां त्यानें जिंकूं दिलें असें म्हणण्याची सोय झाली. आणि खरा पोरस, ग्रीकांनींच वर्णिलेला, अशा सोयीचा भुकेला होता काय? तो प्रसंग आठवून पाहा. इ. स. पूर्व ३२६. झेलमचें पात्र फुगलेलें. पलीकडे पोरसाचे दोनशें हत्ती. घोडे हत्तींना बुजत असल्यामुळें समोरासमोर उतार करणें अशक्य. सिकंदर रात्रीमागून रात्रीं तीरावर इकडून तिकडे गोंगाट करीत फौज हालवितो. पोरस पहिल्यानें प्रत्येक वेळीं धांवतो, मग कंटाळून थांबतो. नंतर एका वादळी, पावसाच्या रात्रीं, छावणीपासून सुमारें सत्तावीस किलोमीटर वर, एका झाडीनें भरलेल्या बेटाच्या आडोशानें सिकंदर नदी ओलांडतो. पोरसाचा पुत्र रथ घेऊन अडवावयास येतो. रथ चिखलांत रुततात आणि पुत्र मारला जातो. मुख्य लढाईंत हिंदी धनुर्धरांचीं तीं जड, लांब धनुष्यें ओल्या निसरड्या जमिनीवर टेंकेनात, असें कर्शियस सांगतो. चोहोंकडून कोंडलेले हत्ती शेवटीं मित्र-शत्रु न पाहतां तुडवूं लागतात. पोरसाचे दोन पुत्र त्या दिवशीं पडले. आरियनच्या हिशेबानें हिंदी पायदळ वीस हजारांच्या घरांत कापलें गेलें आणि मॅसिडोनियाचे अवघे तीनशेंच्या आसपास लोक मेले. डायोडोरस मात्र ग्रीकांचे हजारांच्या जवळपास मेल्याचें सांगतो आणि हिंदी मृतांचा आंकडा बारा हजारांवर आणतो. विजय झाला कीं जेत्याचे मेलेले कमी आणि शत्रूचे मेलेले अधिक होतात, हा गणिताचा जुना नियम आहे.

या साऱ्या प्रसंगांत नाट्याची उणीव कोठें आहे? नदी आहे, रात्र आहे, हूल आहे, पाऊस आहे, बाप आहे, मुलगे आहेत. राखी यांत काय अधिक घालते? उलट ती कांहींतरी काढून घेते. चिखलानें आणि चतुराईनें झालेला पराभव ती भावाच्या औदार्यानें झांकून टाकते, आणि त्या चिखलांत मेलेल्या हजारोंचा कोणी हिशेब विचारीत नाहीं.

पाश्चात्यांनीं तरी हा प्रसंग कसा हाताळला? १९५६ सालच्या रॉबर्ट रॉसेन यांच्या चित्रपटांत रिचर्ड बर्टन सिकंदर झाले. त्याचा पूर्वार्ध, बाप फिलिप आणि मुलगा यांच्यामधील वैराचा, खरोखर सरस आहे. परंतु इराण जिंकून होतांच चित्रपटाला घरीं जाण्याची घाई होते. हिंदुस्थानची मोहीम जवळजवळ गाळलेलीच आहे. २००४ सालचा ऑलिव्हर स्टोन यांचा चित्रपट अधिक महत्त्वाकांक्षी. ऑक्सफर्डचे इतिहासकार रॉबिन लेन फॉक्स त्याचे सल्लागार होते. इतकेंच नव्हे, तर मोबदल्यादाखल त्यांनीं घोडदळाच्या चढाईंत स्वतः घोडा घालण्याची परवानगी मागून घेतली. इ. स. पूर्व ३३१ ची गौगमेलाची लढाई या चित्रपटांत ज्या रीतीनें दिसते, तशी ती पडद्यावर पूर्वीं दिसली नव्हती. पांच-सहा मीटर लांब भाल्यांचें अरण्य, डोळ्यांपुढें कांहीं दिसूं न देणारी धूळ, उजव्या बगलेकडे सरकत सरकत शत्रूची रांग फाटेपर्यंत वाट पाहणारा सिकंदर, आणि डावीकडे पिचत चाललेला म्हातारा पार्मेनियन, हें सर्व त्यांत आहे. प्रेक्षकाचा गोंधळ होऊं नये म्हणून बाजूंचीं नांवें पडद्यावर लिहून दाखविलीं आहेत, आणि वर एक गरुड घिरट्या घालीत सारें रणांगण आपणांस दाखवितो.

तोच दिग्दर्शक झेलमपाशीं येतो आणि सारा विवेक हरपतो. नदीच नाहीं! रात्र नाहीं, पाऊस नाहीं, हूल नाहीं. एका दाट जंगलांत हत्ती येतात, सिकंदराचा घोडा हत्तीसमोर मागच्या पायांवर उभा राहतो, सिकंदराला बाण लागतो आणि सारा पडदा तांबडा होतो. हा बाण त्याला वस्तुतः पुढें मल्लांच्या किल्ल्यांत लागला होता. दोन प्रसंग एकत्र केल्याबद्दल आम्ही कलावंताशीं भांडणार नाहीं. पण पोरस? तो हत्तीवरचा एक परका मुकुट, याहून अधिक कांहीं नाहीं. गौगमेला येथें दिग्दर्शकानें लढाई समजून घेतली आहे; झेलमपाशीं त्याला केवळ आपल्या नायकाची जखम हवी आहे. जित पक्षाला जेथें बुद्धि नाकारली जाते, तेथें जेत्याचा विजयही क्षुद्र होतो, एवढें साधें नाट्यतत्त्व येथें विसरलें गेलें.

आणखी एक गोष्ट सर्वच चित्रपटांत आढळते. ते मैदानी लढाया दाखवितात, वेढे टाळतात. इ. स. पूर्व ३३२ मध्यें टायर शहर घेण्यास सिकंदराला सात महिने लागले. समुद्रांत बांध घालून त्यानें तें घेतलें आणि तीस हजार माणसें गुलाम म्हणून विकलीं. त्याआधीं ३३५ मध्यें थीब्स हें ग्रीकांचेंच शहर त्यानें धुळीस मिळविलें. आमच्या सरहद्दीवर मस्सग येथें तर, तह करून बाहेर पडलेल्या भाडोत्री हिंदी सैनिकांची त्यानें कत्तल केली. सिकंदराचा चाहता असूनही प्लूटार्कला हा त्याच्या कीर्तीवरील कलंक वाटला. मीं पाहिलेल्या एकाही चित्रपटांत मस्सग नाहीं. हिंदी चित्रपटांतही नाहीं, हें विशेष. राखी आठवली, मस्सग आठवलें नाहीं! तसेंच दाणागोट्याचें. डोनाल्ड एंगल्स यांनीं १९७८ सालीं या फौजेच्या रसदेवर एक सबंध ग्रंथ लिहिला. धान्य किती, पाणी किती, खेंचरें किती, यावरच मोहिमेची वाट ठरत होती, हें त्यावरून दिसतें. पडद्यावरची फौज मात्र हवेवर जगते.

कादंबरीकारांची जात अधिक सावध. मेरी रेनॉल्ट या इंग्रज लेखिकेच्या तीन कादंबऱ्यांची रचनाच पाहा. १९६९ ची पहिली कादंबरी सिकंदर गादीवर येतांच संपते. १९७२ ची दुसरी बागोआस नांवाच्या इराणी षंढाच्या तोंडून सांगितलेली आहे. १९८१ ची तिसरी सिकंदराच्या मृत्यूपाशीं सुरू होते. म्हणजे ज्या लढायांसाठीं त्याचें नांव गाजलें, त्या वाचकाच्या डोळ्यांपुढें जवळजवळ येतच नाहींत. बागोआस हा आधीं दाराच्या पदरीं होता, लढवय्या तर नव्हेच. लढाया त्याच्या कानांवर येतात त्या बातमी म्हणून, धावपळ म्हणून, परत आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून. जिताच्या घरांतला एक दास जेत्याकडे पाहतो, आणि हळूहळू त्याच्यावर प्रेम करूं लागतो. येथेंही दोष आहे. हें प्रेम इतकें आंधळें होतें कीं, क्लीटससारख्या जिवलगाचा मद्याच्या धुंदींत केलेला खूनसुद्धां लेखिका समजुतीनें घेते. परंतु पाहणाऱ्याची जागा तिनें अचूक निवडली, हें मान्य केलें पाहिजे. उलट स्टीव्हन प्रेसफील्ड यांनीं २००४ सालीं सिकंदरालाच बोलतें केलें. त्या कादंबरींत लढाईचें शास्त्र उत्तम आहे, पण सेनापतीच्या तोंडून ऐकलेली लढाई ही नेहमीं थोडी नकाशासारखी भासते. त्याच लेखकाची २००६ ची अफगाण मोहिमेवरील कादंबरी एका साध्या शिपायाच्या तोंडीं आहे, आणि ती मला अधिक खरी वाटते. तिच्यांत विजय नाहींत. डोंगर आहेत, थंडी आहे, जाळलेलीं खेडीं आहेत, आणि आपण काय होऊन बसलों हें उशिरां कळलेला एक तरुण आहे.

पाहणाऱ्याच्या जागेचा हा विचार आमच्या पूर्वसूरींनीं फार बारकाईनें केला होता. भरतानें युद्ध, मरण, नगराचा वेढा हे प्रसंग अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, सूचित करावेत असें सांगितलें. भासाच्या 'ऊरुभंगां'त भीम-दुर्योधनांचें गदायुद्ध आपणांस कळतें तें रणभूमीवर फिरणाऱ्या सैनिकांच्या तोंडून. 'उत्तररामचरितां'त लव आणि चंद्रकेतु यांचें युद्ध आकाशांतून पाहणारें विद्याधरांचें जोडपें वर्णन करतें. स्टोन यांचा गरुड हा त्या विद्याधरांचाच दूरचा वंशज. फक्त त्याला वाचा नाहीं, आणि म्हणून दयाही नाहीं. आणि सर्वांत मोठें उदाहरण महाभारताचें. अठरा दिवसांची ती लढाई व्यासांनीं ऐकविली कोणाला? जिंकणाऱ्या धर्मराजाला नव्हे. हरणाऱ्यांच्या आंधळ्या बापाला. संजय प्रत्येक पर्वाच्या आरंभीं प्रथम सेनापति पडल्याची वार्ता सांगतो आणि मग, तो बाप विचारील तसतसें, तो कसा पडला तें सांगतो. युद्धकाव्याला याहून निष्ठुर आणि याहून करुण असा श्रोता जगांत दुसऱ्या कोणी कल्पिला असेल असें मला वाटत नाहीं.

झेलमच्या कांठींही असा एक बाप होता. पण त्याला आम्हीं धृतराष्ट्राच्या जागीं बसविलें नाहीं. भावाच्या जागीं बसवून ओवाळलें. अलीकडे त्याच्याही पुढें जाऊन, पोरस हरलाच नव्हता, ग्रीकांनीं खोटें लिहिलें, असें मांडण्याची लाट आली आहे. त्याला राज्य परत मिळालें, वर आणखी मुलूख मिळाला, हा यावरचा पुरावा. परंतु शूर शत्रूला मांडलिक करून पुढें जाणें ही राजनीति आहे. ती सिकंदरानें तक्षशिलेच्या आंभीशींही केली. ग्रीकांनीं हें युद्ध आपल्याला किती महाग पडलें हें लपविलेंही नाहीं. पोरसाशीं झालेल्या झुंजीनें मॅसिडोनियाच्या शिपायांची पुढें जाण्याची हिंमत खचली, असें प्लूटार्कच लिहितो. आणि थोड्याच दिवसांत बियासच्या तीरावर त्या शिपायांनीं पुढें पाऊल टाकण्याचें नाकारलें. पोरसाचें कर्तृत्व सिद्ध करण्यास एवढें पुरेसें नाहीं काय? आम्हां मराठी वाचकांना तरी याची शंका नसावी. १७६१ चें पानिपत आम्हीं विजय म्हणून कधीं सांगितलें नाहीं. बखरकारांनीं तें पराभव म्हणूनच लिहिलें, घरोघरीं तें मोत्यांच्या आणि मोहरांच्या हिशेबानें सांगितलें गेलें, आणि १९८८ मध्यें विश्वास पाटलांची कादंबरी आली तेव्हां हजारों वाचकांनीं तें पुन्हां पराभव म्हणूनच वाचलें. त्यानें आमची मान खालीं गेली नाहीं. हरलेल्या माणसाला हरलेला म्हणून पाहण्याचें धैर्य ज्या समाजाजवळ आहे, त्याला शत्रूशीं खोटें नातें जोडावें लागत नाहीं.

पोरसाच्या शेवटच्या क्षणांविषयीं ग्रीक ग्रंथकारांनीं दोन बारीक गोष्टी नोंदविल्या आहेत. राजा जखमी झाल्याचें कळतांच त्याचा हत्ती हळूच गुडघे टेंकून बसला आणि सोंडेनें त्याच्या अंगांत रुतलेले भाले एकेक करून काढूं लागला, असें प्लूटार्क सांगतो. आरियन सांगतो तें याहून साधें आहे. दारा दोन वेळां रण सोडून पळाला. पोरस पळाला नाहीं. समेट करावयास आंभी आला तेव्हां त्याच्यावर त्यानें जखमी असतांही भाला उगारला. पण नंतर मेरोस नांवाचा एक जुना हिंदी मित्र आला, तेव्हां तो थांबला. तहानेनें त्याचा जीव व्याकुळ झाला होता. तो हत्तीवरून उतरला, पाणी प्याला, आणि मग सिकंदराकडे घेऊन चला म्हणाला. पुढचें तें राजाला साजेलशा वागणुकीचें उत्तर साऱ्या जगाला पाठ आहे; प्रत्येक बोलपटानें तें गाजविलें आहे. त्याच्या आधींचें तें पाणी मात्र अजून कोणी दाखविलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. दोन मुलगे गेले आहेत, फौज गेली आहे, खांद्यांतून रक्त वाहत आहे, आणि एक उंच, थकलेला मनुष्य आपल्याच नदीच्या कांठीं उभा राहून पाणी पितो आहे. हें चित्र ज्याला काढतां येईल, त्याला राखीच्या धाग्याची जरुरी पडणार नाहीं.